तुम्ही विचारलंत म्हणून: चुकलं तर सांगतं कोण?

गॉथिक, म्हणजे गॉथ नावाच्या प्राचीन जर्मन कुळातल्या लोकांची मेलेली भाषा, शिकते म्हटलं की लोक आधी काळ्या कपड्यांचं विचारतात, मग टोकदार कमानींच्या चर्चचं. त्या कमानींशी गॉथ लोकांचा काही संबंध नाही. रानटी, गावंढळ अशा अर्थाने इटलीत नंतर दिलेली ती शिवी आहे. एवढं सांगून झालं की खरा प्रश्न येतो. तो सगळ्यांत नेमका विचारला माझ्या मावशीने: “अगं, बोलणारं माणूसच उरलं नाही, तर तुझं चुकलं की सांगतं कोण?”

पहिलं उत्तर, ग्रीक सांगते. चौथ्या शतकात, आजच्या बल्गेरियात राहणाऱ्या वुल्फिला नावाच्या बिशपने ग्रीक बायबल गॉथिकमध्ये आणलं आणि त्यासाठी लिपीही स्वतःच घडवली. त्यातलं जे उरलंय तीच जवळजवळ अख्खी भाषा. सर्वांत देखणी पोथी जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली आहे. मुळात पानं ३३६, आज १८८. त्यांतली १८७ स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात, आणि एक सुटं पान १९७० मध्ये जर्मनीत स्पायरला सापडलं.

सुरुवातीला मी ‘पिणे’ या क्रियापदात ‘ग’चा ठसठशीत उच्चार करत असे, कारण लिहिलेलं तसंच दिसतं. वुल्फिलाने ‘ङ’साठी ग्रीकांची रीत उचलली होती, ‘क’ किंवा ‘ग’च्या आधी ‘ग’ लिहायची. म्हणजे शब्द साधा ‘द्रिंकन’. चूक ग्रीक वर्णमालेने दाखवली.

पण मला जास्त आवडते ती जागा, जिथे वुल्फिला ग्रीकचं ऐकत नाही. एरवी तो शब्दामागे शब्द ठेवत जातो, इतका की वाक्यरचना गॉथिक आहे की ग्रीक, अशी शंका यावी. मार्कच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान हे दोघे भाऊ येशूकडे काही मागायला येतात. ग्रीकमध्ये तिथे साधं अनेकवचन आहे. वुल्फिला द्विवचन वापरतो. येशू विचारतो, ‘मगुत्सू द्रिंकन’, तुम्हा दोघांना पिता येईल का? शेवटचा ‘ऊ’ म्हणजे आपला ‘का’. आणि योहानात ‘मी आणि पिता एक आहोत’ हे वाक्य आहे: ‘इक याह अत्ता मीन्स ऐन सियू’. ‘सियू’ म्हणजे आपण दोघं आहोत, संस्कृतात ‘स्वः’. एक आहोत, पण क्रियापद दोघांचं! यावरून धर्मशास्त्र काढू नये, व्याकरण आहे ते. तरी वाचताना दर वेळी थांबते मी.

दहावीला संस्कृत घेतलं होतं ते मार्कांसाठी, आणि द्विवचनाचा मला मनस्वी कंटाळा होता. मराठीने ते कधीच टाकून दिलं, बरं केलं, असं वाटायचं. आता तेच संस्कृत दुसरा मास्तर होऊन बसलंय, कारण गॉथिक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. भरति–बेरिथ, भरन्ति–बेरंद. वेद–वैत, विद्म–वितुम: ‘मी जाणतो’ आणि ‘आम्ही जाणतो’ यांत स्वर जसा आखडतो तसाच तिकडेही. पाठ करताना रूप चुकलं की कान सांगतो.

या मास्तराची एक करामत तर जगप्रसिद्ध आहे. संस्कृतात भ्रातृ आणि पितृ, दोन्हींत ‘त’. गॉथिकमध्ये मात्र ‘ब्रोथर’ आणि ‘फदर’, एकात थ, दुसऱ्यात द. (हा ‘फदर’ सगळ्या पानांत मिळून एकदाच येतो, एरवी वडील म्हणजे ‘अत्ता’.) असं का, याचा उलगडा डेन्मार्कच्या कार्ल वेर्नर या भाषाशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये छापलेल्या लेखात केला. वैदिक स्वर बघा, म्हणाला: ‘भ्राता’त आघात पहिल्या अक्षरावर, ‘पिता’त शेवटच्या. वेदपाठ्यांनी घोकून जपलेला आघात जर्मन कुळातल्या व्यंजनांचं कोडं सोडवतो. मावशीला हे इतकं आवडलं की तिने दोनदा सांगायला लावलं.

काही ठिकाणी मात्र सांगणारं खरंच कोणी नाही. उरलेल्या पानांत ‘अंडं’ हा शब्दच नाही. सोळाव्या शतकात बुसबेक नावाच्या हाब्सबुर्ग राजदूताने इस्तंबूलमध्ये क्रिमियाच्या दोन माणसांकडून तिथे टिकून राहिलेल्या गॉथिक बोलीचे ऐंशीएक शब्द टिपून घेतले, त्यांत ‘आदा’ म्हणजे अंडं मिळतं. गंमत अशी, की दोघांपैकी जो गॉथ वंशाचा वाटत होता त्याला भाषा येत नव्हती. शब्द सांगितले ते जन्माने ग्रीक असलेल्या दुसऱ्याने. त्याचा उच्चार कितपत खरा धरायचा?

मावशी जुन्नरची, म्हणून तिला हेही सांगितलं. तिथल्या लेण्यांत ‘गत’ लोकांपैकी इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे पश्चिमेकडच्या परदेशी माणसाने, दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याचा लेख आहे. हे ‘गत’ म्हणजे गॉथ असावेत, असं नॉर्वेचे भारतविद्या अभ्यासक स्टेन कोनो यांनी शंभरेक वर्षांपूर्वी सुचवलं. ते सिद्ध झालेलं नाही. वुल्फिला म्हणजे छोटा लांडगा, त्यातली ‘-इला’ची शेपटी ‘इरिल’मध्ये दिसतेय असं मलाही वाटून जातं. पण इथे ना शेजारी ग्रीक मूळ आहे, ना ताडून बघायला क्रियापदाचं रूप. नुसती तीन अक्षरं.

“म्हणजे तो आमच्याकडचाच धर,” मावशी म्हणाली. मी अजून धरलेला नाही.