६३ नंबरचा क्लोन

एका लघुग्रहाची कक्षा संगणकावर हजारो वर्षं पुढे चालवत होतो, किंचित वेगळ्या सुरुवातीच्या अनेक प्रतींनी, म्हणजे क्लोननी. सकाळी आउटपुट उघडलं तर ६३ नंबरचा क्लोन ४१ हजार वर्षांतच सूर्यमालेबाहेर. "दादा, हा गेला की!" ज्युनिअर खूश. धूमकेतूच्या वाटेनं फिरणाऱ्या लघुग्रहांचं असं होतंच, म्हणून शंका घ्यायचं कारणही नव्हतं.

लघुग्रह म्हणजे ३५५२ डॉन क्विक्झोट. १९८३ साली लघुग्रह म्हणून सापडला आणि २००९ मधल्या स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमांत त्याला अंधुक शेपूट निघाली. अर्धदीर्घ अक्ष ४.२६ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), उत्केंद्रता म्हणजे कक्षेचा लांबटपणा ०.७१, कल ३१ अंश. यातून टिसरँड गुणांक, म्हणजे गुरूच्या संदर्भात कक्षेची ओळख सांगणारा आकडा, येतो २.३१. तीनच्या खाली म्हणजे गुरूच्या तावडीत. अशा पिंडाची एकच कक्षा पुढे ढकलून हाती काही लागत नाही, म्हणून १०० क्लोन. तेही प्रत्येक घटक सुटा हलवून नव्हे. घटकांच्या चुका एकमेकींत गुंतलेल्या असतात, ती गुंतागुंत सांगणारी कोव्हेरियन्स मॅट्रिक्सच घ्यावी लागते.

मला खटकला तो गुणांक. गुरूजवळून जाताना अक्ष, उत्केंद्रता, कल सगळं बदलतं, पण टिसरँड जवळपास तोच राहतो. इथे गुरूशी एका भेटीत २.३१ चा १.६४! गुरूची कक्षा पूर्ण वर्तुळ नाही, पण त्यानं एवढा फरक पडत नाही.

ऊर्जेचा आलेख मात्र गुळगुळीत, चूक अब्जांशाच्या घरात. फसगत इथेच होते. क्लोन वस्तुमानहीन, त्यामुळे तो कितीही भरकटला तरी एकूण ऊर्जेला पत्ता लागत नाही.

मग त्या भेटीच्या आधीपासून पुन्हा चालवलं, हिशेबाच्या दर पायरीला नोंद घेत. किमान अंतर ०.०३ एकक, म्हणजे ४५ लाख किलोमीटर. वेग सेकंदाला ११ किलोमीटर, पायरी २० दिवसांची. एका पायरीत क्लोन १.९ कोटी किलोमीटर पुढे! तेवढ्यात गुरूची ओढ वाढून ओसरलीही, पण हिशेबानं तिचा एकच, खऱ्याच्या दुपटीएवढा धक्का दिला होता. २० दिवस उपसूर्याला, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळ असताना, पुरतात, म्हणून ठेवले होते. हा हिशेब करणारा प्रोग्रॅम, डब्ल्यूएचफास्ट, पायरी स्वतःहून लहान करत नाही.

शेवउसळ खाऊन आलो आणि मर्क्युरियस हा दुसरा प्रोग्रॅम लावला. गुरूच्या तीन हिल त्रिज्यांच्या (हिल त्रिज्या म्हणजे जिथवर सूर्यापेक्षा गुरूचा वरचष्मा असतो ते अंतर), म्हणजे साधारण एक एककाच्या आत तो बारीक पायरीच्या गणितावर जातो. गुणांक २.२८ वर थांबला. ६३ नंबर अजून आतच आहे. उरलेले ९९ पण पुन्हा लावावे लागले. छोट्या उड्या हजार वर्षांच्या नोंदीत दिसतच नाहीत.