तुंगनाथची वाट आणि चंद्रशिलेवरून दिसणारी शिखरं

उत्तराखंडातल्या तुंगनाथचं, म्हणजे तिथल्या शंकराच्या देवळाचं, दर्शन आम्ही उतरताना घेतो. पायथ्याच्या चोपत्याहून पहाटे चारच्या आत निघायचं, साडेतीन किलोमीटरची फरसबंद वाट चढून देवळाला बाहेरूनच हात जोडायचे आणि पुढचा दीडेक किलोमीटरचा उभा चढ चढून उजाडायच्या आत चंद्रशिला हा देवळावरचा माथा गाठायचा. देव दुपारीही तिथेच असतो; शिखरं मात्र नऊ-दहा वाजता दरीतून वर येणाऱ्या ढगांत जातात.

वर पोचल्यावर आधी उत्तरेचा चौखंबा पक्का करायचा. चार शिखरांची ती रुंद भिंत चुकणं अवघड. मुख्य शिखर (७,१३८ मीटर) उजव्या टोकाला आहे.

आता हात पूर्ण लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. चौखंब्याच्या मुख्य शिखरापासून डावीकडे साडेतीन मुठींवर केदारनाथ शिखर (६,९४०). उजवीकडे साडेआठ मुठी मोजल्या की, जवळजवळ पूर्वेला, नंदादेवी (७,८१६). तिच्या डावीकडे मुठीहून थोडं जास्त अंतरावर दुनागिरी, उजवीकडे एका मुठीवर त्रिशूल.

घोळ होतो तो इथेच. सगळ्यात उंच दिसतं तीच नंदादेवी, असं धरून लोक चौखंब्यापुढे फोटो काढतात. चौखंबा जेमतेम तीस किलोमीटरवर आहे, नंदादेवी सत्तरच्या पुढे; त्यामुळे उंचीने जास्त असूनही ती नजरेला निम्मीच भरते. दुसरी फसगत त्रिशूलाची. त्याच्या पुढ्यात, किंचित डावीकडे, नंदाघुंटी (६,३०९) उभी असते आणि तिलाच त्रिशूल म्हटलं जातं. मागचं उंच ते त्रिशूल. कुमाऊंतल्या कौसानीहून काढलेल्या फोटोतले त्रिशूलाचे तीन सुळे इथे शोधू नयेत, कोनच वेगळा आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य जवळपास नंदादेवीच्याच दिशेने उगवतो. तेव्हा पूर्वेच्या शिखरांची नुसती काळी कड दिसते, म्हणून तिकडची मोजणी सूर्य वर येण्याआधीच उरकावी. चौखंब्यावर त्या वेळी छान ऊन पडतं, तो नंतर निवांत पाहा.

शिखरं ओळखणारं ॲप वापरायचं तर नकाशा चढण्याआधीच डाउनलोड करून घ्या. फोनच्या कव्हरला चुंबक असेल तर ते काढा, नाहीतर होकायंत्र भरकटतं आणि सगळी नावं एकेक शिखर सरकतात.

पावसाळा सरल्यावर हवा स्वच्छ होते, पण थंडीच्या तोंडावर कपाट (देवळाचे दरवाजे) बंद होऊन देव मक्कूमठाला, म्हणजे खालच्या हिवाळी मुक्कामाला, जातात. दर्शन आणि शिखरं दोन्ही हवी असतील तर ऑक्टोबरच धरा.