पद्मिनीचा काटा आणि माझे चार महिने

बाबांची ८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे आमच्याकडे, रोज नाही काढत पण रविवारी एक चक्कर असतेच. २०२३ च्या जूनमध्ये लक्षात आलं की ३० ते ५० च्या मधे स्पीडोमीटरचा काटा नाचतोय, म्हणजे ३० दाखवतो, टुणकन ५० वर जातो, परत खाली, आणि डॅशबोर्डच्या मागून किटकिट आवाज. बाबा म्हणाले राहू दे रे, स्पीड मला इंजिनच्या आवाजावरून कळतो. पण नोव्हेंबरमध्ये गाडीचं पाच वर्षांचं पासिंग यायचं होतं, मीटर बंद ठेवून आरटीओत जायची माझी हिंमत नव्हती.

मग एक दिवस काटा झोपलाच. किलोमीटरचे आकडे पण थांबले, आणि हेच बघायचं असतं आधी. काटा मेला पण आकडे फिरतायत तर दोष मीटरच्या आत, दोन्ही एकदम बंद झालं तर बहुतेक वेळा केबल, म्हणजे गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत येणारी फिरती तार, तुटलेली किंवा गिअरबॉक्सकडची गरारी (दातेरी चाक) गेलेली. मला हे माहीत नव्हतं, मी थेट मीटर काढायला निघालो होतो, शेजारच्या काकांनी अडवलं.

डॅशबोर्डखाली आडवं पडून मीटरमागचा नट हाताने सोडवला आणि आतली तार ओढली तर अर्धीच हातात आली! म्हणजे केबल. कुठे तुटली बघितलं तर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) जिथे आत येते त्याच्या जरा पुढे, आणि कारण बघून डोकंच फिरलं. काही वर्षांपूर्वी म्युझिक सिस्टीम बसवणाऱ्याने वायरिंगसोबत मीटरची केबलपण पट्टीने आवळून बांधली होती, काटकोनात. आत फिरणारी तार तिथे घासणार नाही तर काय करणार. केबलला मोठं, सैल वळण लागतं, आवळलं की आधी काटा नाचतो आणि मग तार तुटते. तारेचा खालचा तुकडा गाडीखाली जाऊन गिअरबॉक्सच्या बाजूने काढला, त्यात एक सकाळ गेली आणि एक शर्ट.

नवीन केबल नाना पेठेत मिळाली. बसवण्याआधी हौसेने आख्ख्या तारेला ग्रीस चोपडलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ही चूक. मीटरकडचं वीतभर टोक जवळजवळ कोरडं ठेवायचं असतं, पण तेव्हा कोण सांगणार. महिनाभर काटा असा लोण्यासारखा चालला की मी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकला.

ऑगस्टमध्ये नवीनच तमाशा. गाडी ४० ने चाललीय आणि काटा १०० वर! गाडी थांबवली तरी लगेच खाली येत नाही, सावकाश, आळस देत उतरतो.

हे का होतं ते कळायला मीटर आतून कसं चालतं ते कळावं लागलं. मला वाटायचं केबलच काट्याला फिरवते, तर तसं नाहीच. केबल एक लोहचुंबक फिरवते, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, दोघं एकमेकांना टेकत नाहीत. चुंबक फिरला की वाटीत वीजप्रवाह तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते, पण घड्याळातल्यासारखी एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचत असते, त्या ओढाताणीत काटा कुठे थांबेल तो तुमचा स्पीड. १९०२ सालचं पेटंट आहे, ऑटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाचं. आता त्या बारीकशा फटीत तेल गेलं तर चुंबक वाटीला तेलातूनच सोबत ओढत नेतो, म्हणून काटा शंभरावर.

मीटरवाल्याकडे नेलं, रास्ता पेठेतला म्हातारा माणूस, एकेकाळी टॅक्सी-रिक्षाचे पाडायचे मीटर दुरुस्त करायचा. उघडून एकच वाक्य बोलला, ‘ग्रीस कोणी भरलं?’ मी गप्प. त्याने पेट्रोलात बुडवलेल्या ब्रशने वाटी साफ केली, स्प्रिंगला बोटसुद्धा लावलं नाही. मी तार पुसून परत बसवली, या वेळी टोक कोरडं. पाच आठवड्यांत काटा परत शंभरावर.

आता मात्र दोष माझा नव्हता. केबल मीटरमधून काढली, टोकाला काळपट पातळ तेल, वास घेतला तर तो सडका गंधकासारखा वास, गिअर ऑइलचाच. माझं ग्रीस पिवळं आणि घट्ट होतं. गिअरबॉक्सला केबल जिथे बसते तिथलं सील गेलं होतं आणि पीळ असलेली तार फिरता फिरता तेल वर चढवत होती, स्क्रूसारखी, थेट डॅशबोर्डपर्यंत. सील किरकोळ किमतीचं, ते बदललं, केबल पूर्ण धुतली, मीटर परत साफ.

बसवायच्या आधी मीटरवाल्याच्या सांगण्यावरून ड्रिल मशीनला तारेचा तुकडा लावून मीटर फिरवून बघितलं. पहिल्यांदा उलटं फिरवलं, काटा शून्याच्या खिळ्याला दाबला गेला, घाबरून बंद केलं आणि दिशा बदलली. मग मस्त वर गेला, बंद केल्यावर पटकन खाली.

त्याच ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं भरली आणि ती बंद झाली, पेपरात फोटो होते, बाबा दिवसभर उदास. संध्याकाळी त्यांनाच गाडी चालवायला दिली. मी फोनवर जीपीएस लावून बसलो, त्यांनी मात्र हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं आणि किलोमीटरचे दगड बघायला सांगितलं, एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर एक मिनिट लागलं तर साठ. अठ्ठावन्न सेकंद लागले. फोन ६२, काटा ६५. बाबा म्हणाले, नवी होती तेव्हापासून तीन जास्तच दाखवते.