माझा अनुभव : सेन्सर ठणठणीत, भानगड स्क्रूंची

चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरचा इव्हॅल्युएशन बोर्ड (सेन्सर जोखून बघण्यासाठी मिळणारा तयार बोर्ड) चालवायला घेतलात, तर किटमधले स्क्रू आधी चुंबकाला लावून बघा. चिकटले तर सरळ बाजूला ठेवा. एवढं एक वाक्य यूजर गाइडमध्ये असतं तर माझं डोकं उठलं नसतं.

केबल, ड्रायव्हर, पोर्ट यांनी काही त्रास दिला नाही. केबल फक्त चार्जिंगची नसावी, इतकंच. तिन्ही अक्षांचे आलेख स्क्रीनवर धावू लागले.

मग बोर्ड टेबलावर सपाट ठेवून सावकाश पूर्ण फिरवला. पृथ्वीचं क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. एक्स अक्षाचा आकडा शून्याच्या वर जेवढा जातो तेवढाच खालीही यायला हवा. माझ्याकडे वर ६२, खाली उणे १४! सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, ‘कॅलिब्रेट बटण दाबा.’ ते दाबलं की आलेख गोजिरा दिसतो, हे मलाही माहीत होतं. फरक येतो कुठून, असं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, या वेळी बटणाभोवती लाल वर्तुळ काढून. अहो, मला सेन्सर जोखायचाय! डेटाशीटमध्ये (कंपनीच्या तपशीलपत्रात) दिलेला ऑफसेट, म्हणजे आकडा शून्यापासून मुळातच किती सरकलेला असतो ते, खरा की खोटा हे बघायला बसलोय, तर तो पुसून टाकणारं बटण काय कामाचं?

म्हटलं, आपणच बघू. लॅपटॉप केबल पुरेल तितका लांब सारला (स्पीकरमध्ये चुंबक असतं), फोन दुसऱ्या खोलीत, लोखंडी पायांच्या टेबलाऐवजी लाकडी स्टूल. फरक हटेना. पण त्यातच खूण होती. बोर्ड १८० अंश फिरवला की पृथ्वीच्या क्षेत्राचं चिन्ह उलटतं. बोर्डाबरोबरच फिरणाऱ्या वस्तूच्या क्षेत्राचं उलटत नाही. दोन्ही टोकांच्या आकड्यांची बेरीज करून निम्मी करा : ६२ वजा १४, भागिले २, म्हणजे २४. हे २४ एकतर सेन्सरचे, नाहीतर बोर्डावर स्वार झालेल्या कशाचे तरी.

चार कोपऱ्यांत चार स्क्रू, त्यातला एक सेन्सरपासून जेमतेम बोटभर. चारही काढले, बोर्ड दुहेरी टेपने चिकटवला, फिरवला. वर ४०, खाली उणे ३६. ऑफसेट २, डेटाशीटच्या मर्यादेत. त्या रात्री मी तो आलेख उगाचच चार वेळा बघितला.

आता नायलॉनचे स्क्रू लावलेत. पितळी रंगावर भुलू नका, आत पोलाद असू शकतं. आणि तपासायचं चुंबक बोर्डापासून लांबच ठेवा, नाहीतर जवळपासचं पोलाद चुंबकित होऊन नवीच कटकट.

आठवलं म्हणून : सॉफ्टवेअर गॉसमध्ये आणि डेटाशीट टेस्लामध्ये बोलत असेल, तर १ गॉस म्हणजे १०० मायक्रोटेस्ला. स्वतःचा मायक्रोकंट्रोलर जोडणार असाल, तर गाइडमधला आय-टू-सी पत्ता (दोन तारांच्या जोडणीवर सेन्सरला हाक मारायचा क्रमांक) सात बिटांचा आहे की आठ, ते बघा. लायब्ररीला बहुधा सातचा लागतो. आठ बिटांचा राइट-पत्ता दिला असेल तर तो निम्मा करायचा.

कॅलिब्रेट बटणाशी माझं वैर नाही. बोर्ड कायमच्या जागी बसला की जरूर दाबा, त्याआधी नाही.