जॅक्सनचे ११३ पॉइंट

ओहायोतल्या हॉकिंग हिल्सबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. गुहा सुंदर, धबधबा सुंदर, आणि शनिवार असल्यामुळे त्या दोन्हींसमोर गणपतीतल्या लक्ष्मी रोडइतकी गर्दी. फोटो काढले, पाय दुखले, झोपलो.

दुसऱ्या दिवशी खरं तर कोलंबसला घरी परतायचं होतं. पण सोबत भाचा होता. नागपूरचा पोरगा, शाळेपासून बास्केटबॉल खेळलेला, सध्या इथे एम.एस. करतोय. त्याला जॅक्सनला जायचं होतं.

"काय आहे तिथे?"

"मावशी, तिथे एका माणसाने एका मॅचमध्ये ११३ पॉइंट केलेत."

"एनबीएत? त्या व्यावसायिक लीगमध्ये?"

"नाही ना! कॉलेजच्या मॅचमध्ये. आणि कॉलेज कसं, तर शंभर पोरंही नव्हती त्यात."

मग ९३ नंबरचा रस्ता धरला. वळणं अशी की मागच्या सीटवरच्या माणसाने नाश्ता न केलेलाच बरा. त्या वळणांवर भाच्याने मला बीव्हो फ्रान्सिस शिकवला. खरं नाव क्लॅरेन्स. वडिलांना बीव्हो नावाचं बिनदारूचं पेय आवडायचं, ते नाव पोराला चिकटलं. उंची सहा फूट नऊ इंच. हायस्कूलमधले कोच न्यूट ऑलिव्हर रायो ग्रँड कॉलेजात गेले आणि जाताना याला घेऊन गेले. कॉलेज अगदी डबघाईला आलेलं. जिम इतकी लहान आणि कोंदट की लोक तिला डुकरांचा खुराडाच म्हणायचे.

१९५२-५३च्या मोसमात ही टीम ३९ सामने खेळली आणि ३९ जिंकली. जानेवारीत दोन वर्षांच्या ॲशलंड ज्युनियर कॉलेजविरुद्ध बीव्होने एकट्याने ११६ केले, त्यातले ५५ शेवटच्या दहा मिनिटांत. सगळ्या देशात नाव झालं. मग नियमवाल्यांनी ठरवलं की चार वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या कॉलेजांविरुद्धचेच सामने धरायचे. ११६ गेले. मोसमातले बहुतेक सामनेच गेले.

"म्हणजे आधी खेळू दिलं आणि नंतर नियम काढला?" मी म्हटलं. मला असल्या गोष्टींचा फार राग येतो. परीक्षा झाल्यावर अभ्यासक्रम बदलणारे लोक मी नोकरीत पुष्कळ पाहिलेत.

"म्हणून तर जॅक्सन!" भाचा.

जॅक्सनला शिरताना सफरचंदासारखी रंगवलेली पाण्याची टाकी दिसते. इथे सप्टेंबरात सफरचंदांचा मोठा उत्सव असतो. आम्ही उत्सव संपल्यावर गेलो, त्यामुळे रस्ते मोकळे आणि कॉफी निवांत मिळाली. तिथेच टेबलावर भाच्याने पेपर नॅपकिन पुढे ओढला आणि हिशेब मांडला. २ फेब्रुवारी १९५४, समोर मिशिगनचं हिल्सडेल कॉलेज. ७० शॉट, ३८ आत. ४५ फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे एकेका पॉइंटचे शॉट, त्यातले ३७ आत. जिच्या बाहेरून मारलं की तीन पॉइंट मिळतात ती रेघ तेव्हा नव्हतीच, प्रत्येक शॉटचे दोनच. अडतीस दुणे शहात्तर आणि सदतीस, एकशे तेरा. हाफटाइमपर्यंत ४३ होते, म्हणजे उरलेले ७० दुसऱ्या हाफमध्ये. आणि हिल्सडेल चार वर्षांचं कॉलेज, त्यामुळे यावेळी कोणालाच खोडता येईना.

"२०१२मध्ये ग्रिनेल या तिसऱ्या डिव्हिजनच्या कॉलेजच्या जॅक टेलरने १३८ केले," तो पुढे म्हणाला, "पण १०८ शॉट मारून! त्यातले ७१ लांबून. तू सांग आता." दुसऱ्या डिव्हिजनच्या पुस्तकात विक्रम अजून बीव्होचाच आहे, हेही त्याने दोनदा ऐकवलं.

माझं लक्ष मात्र नॅपकिनच्या कोपऱ्यात लिहिलेल्या स्कोअरवर होतं. १३४-९१. म्हणजे बाकीच्या सगळ्या टीमचे मिळून २१. बॉल कोणीतरी आणत असणार, पास देत असणार, रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल, घेऊन परत यालाच देत असणार. मी ते म्हटलं तर भाचा म्हणाला, "हे बोलणं कोचसारखं होऊन राहिलं, मावशी."

पुढे ३५ नंबरने रायो ग्रँड. गाव संपलं कधी ते कळत नाही. आता तिथे विद्यापीठ आहे, नवी मोठी जिम आहे, आणि मैदानाला नाव न्यूट ऑलिव्हरचं. मी तिथेच फुगले. घाम एकाचा आणि पाटी दुसऱ्याची! भाच्याने कोचची बाजू घेतली. बीव्होला आणलं त्यांनी, कॉलेज तगलं ते त्या सामन्यांच्या पैशावर. दुसऱ्या मोसमात त्यांनी टीमला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनपर्यंत नेलं. मोठ्या कॉलेजांपैकी प्रॉव्हिडन्सला हरवलं, वेक फॉरेस्टला हरवलं, व्हिलानोव्हाविरुद्ध टीम एका पॉइंटने हरली. आणि आता लहान कॉलेजांतल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळतो तो पुरस्कार बीव्होच्या नावाचाच आहे. बरं, मान्य. पण तो पोरगा तेव्हा एकवीस वर्षांचा, लग्न झालेला, घरी लेकरू, आणि आयुष्य बसमध्ये.

पुढचं ऐकून तर मला जास्तच वाईट वाटलं. १९५४नंतर तो बॉस्टन व्हर्लविंड्सकडून खेळला. ही टीम हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर गावोगाव फिरायची आणि रोज हरायची. तिचं कामच ते. ज्याला अडवायला तिघं कमी पडायचे, तो पगार घेऊन हरत हिंडला. १९५६मध्ये एनबीएच्या फिलाडेल्फिया वॉरियर्सनी त्याची निवड केली, तर हा गेलाच नाही. प्रवासाला विटला होता. घरी जाऊन पोलादाच्या कारखान्यात कामाला लागला. २०१५मध्ये गेला.

"वेडा होता," भाचा म्हणाला.

मला नाही वाटत. उलट, मला या सगळ्यात तेवढीच गोष्ट मनापासून आवडली. भाचा गॅलिपोलिसपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मग नदी ओलांडून पॉइंट प्लेझंटला मॉथमॅनच्या, म्हणजे तिथल्या दंतकथेतल्या पंखवाल्या प्राण्याच्या, पुतळ्यासमोर फोटो काढायला लावला, तेव्हा कुठे हसला.