आमची वाटचाल : जुनी गाडी, नवे स्पीकर आणि न कापलेलं पॅनल

१९९७ च्या दसऱ्याला ठाण्यात कोपरीला दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला आणि दुकान टाकलं. तेव्हा धंदा एकच, गाडीत टेप बसवायचा. नवी मारुती ८०० शोरूममधून निघाली की घरी पूजेला जायच्या आधी आमच्याकडे यायची, पुढे कॅसेट प्लेअर, मागे पार्सल ट्रेवर, म्हणजे मागची सीट आणि काच यांच्यामधल्या फळीवर, दोन ओव्हल स्पीकर, झालं काम. दिवसाला तीन-तीन गाड्या व्हायच्या. जिगसॉ लावायचा, भोक पाडायचं, जाळी ठोकायची, पुढची गाडी आत घ्यायची. ट्रे कापताना कधी हात थांबला नाही कारण खराब झालाच तर दुसरा मिळायचा.

नंतर हळूहळू कंपनीतूनच स्टिरिओ बसवून यायला लागले आणि आमचं काम आटत गेलं. २००८ ला तर घरात बोलणं झालं की गाळा सोडावा आणि गावाला भावाबरोबर काहीतरी बघावं.

२००९ मध्ये नौपाड्यातले एक काका त्यांची पद्मिनी घेऊन आले. १९७८ ची गाडी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, त्यांच्या वडिलांनी नंबर लावून, काही वर्षं वाट बघून घेतलेली. मागचे स्पीकर फडफडत होते, कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडा सुकून फाटलेल्या, तेवढेच बदलायचे होते. अर्ध्या तासाचं काम म्हणून मी हो म्हणालो. आमच्या पोराने ट्रे काढायला कडेने स्क्रू ड्रायव्हर घातला आणि उचकटला, आणि कडक् असा आवाज आला. तीस वर्षं मागच्या काचेतून ऊन खाल्लेला हार्डबोर्ड, दर पावसाळ्यात ओल धरून फुगलेला, तो खारीसारखा झालेला असतो हे तेव्हा आम्हाला माहीतच नव्हतं. क्लिपच्या भोकापासून काचेपर्यंत चीर गेली, वरचं रेक्झिनही फाटलं.

काका ओरडले नाहीत. ट्रे हातात घेऊन बघत राहिले आणि म्हणाले, "हा आता कुठं मिळेल हो?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरलो, चोर बाजारात दोन शुक्रवार घालवले, पद्मिनी टॅक्सीच्या जिवावर इंजिनाचे, ब्रेकचे पार्ट तेव्हा सगळे मिळायचे पण ट्रे काही मिळाला नाही, टॅक्सीवाल्याला त्याची गरजच नव्हती ना. शेवटी फुटलेले तुकडे खाकी कागदावर जुळवून पेन्सिलने छापा काढला, मरीन प्लायमधून तसाच ट्रे कापला, आणि रेक्झिनचा दाणा जुळेल असं कापड मिळेपर्यंत कुशनवाल्याच्या दारात बसलो. तीन आठवडे गेले, पैसे एक रुपया घेतला नाही. पण गाडी न्यायला आले तेव्हा काकांनी ट्रेवरून हात फिरवला आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या ओळखीच्या एकाची ॲम्बेसेडर आमच्याकडे पाठवली. आमचं आत्ताचं दुकान खरं तर तिथून सुरू झालं.

तेव्हापासून गाडीचं मूळ पॅनल, म्हणजे ट्रेसारखे आतले भाग, कापायचं नाही हे ठरलं. गिऱ्हाईक स्वतः म्हणालं "कापा हो, काय फरक पडतो" तरी नाही, दोन-तीन कामं त्यापायी परत गेली, जाऊ दे.

आता गाडी आली की पहिल्या दिवशी स्पीकरला हातच लावत नाही. बॅटरीची मायनस काढायची, आधी मागच्या सीटची खालची गादी, मग पाठ, मग ट्रेच्या कडेला मास्किंग टेप. क्लिपा जुन्या असतील तर हेअर ड्रायरने कोमट करून घ्यायच्या म्हणजे प्लास्टिक जरा नरम पडतं, आणि नायलॉनची पट्टी क्लिपच्या अगदी शेजारी घालून उचलायचं, दोन क्लिपांच्या मधे कधीच नाही कारण बोर्ड तिथेच मोडतो.

आधीच्या कोणीतरी ओव्हलचं भोक पाडलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला साडेसहा इंची गोल हवे असतात, त्याला आम्ही प्लायची रिंग करतो, बाहेरून ओव्हल आतून गोल, खाली फोमची पट्टी, म्हणजे नवं भोक लागत नाही आणि फडफडही नाही. स्पीकरचं मॅग्नेट डिकीत किती खाली येणार ते मोजून कळत नाही, डिकीच्या बिजागरीची दांडी कुठून फिरते ते बघावं लागतं. त्यासाठी शाडूचा गोळा मॅग्नेटच्या जागी चिकटवतो आणि डिकी हळूच बंद करतो, दांडी लागत असेल तर गोळ्यावर खूण उठते. गणपतीनंतर शाडू आणून ठेवतो, वर्षभर पुरतो.

वायरिंगचं मात्र नीट सांगतो कारण यात लोकांचे पैसे जातात. बऱ्याच जुन्या रेडिओत स्पीकरची एक वायर सरळ गाडीच्या पत्र्याला जोडलेली असायची. आजच्या प्लेअरला ते चालत नाही, प्रत्येक स्पीकरपर्यंत प्लस-मायनस दोन्ही वेगळ्या न्याव्या लागतात, नाहीतर आतल्या ॲम्पची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या भागाची, आयसी (चिप) उडू शकते. म्हणून जुनी वायर आम्ही वापरत नाही, पण कापतही नाही, गुंडाळून तिथेच ठेवतो. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बुश हवंच. प्लस कुठला कळत नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावून बघायचा, कोन बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या टर्मिनलला ते प्लस. एका बाजूला उलटं लागलं तर दोन स्पीकर एकमेकांचा बेस खातात आणि माणूस स्पीकरलाच नावं ठेवतो.

डायनॅमोवाल्या, म्हणजे बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर नसलेल्या जुन्या गाडीला मोठा ॲम्प मागितला तर मी स्पष्ट नाही सांगतो. डायनॅमो आयडलिंगला नीट चार्ज करत नाही, संध्याकाळच्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बॅटरी बसणारच.

२०१४ ला आम्ही वागळे इस्टेटला मोठ्या जागेत आलो. ज्याच्या हातून ट्रे फुटला होता तोच पोरगा आज पॅनल काढतो, दुसऱ्या कोणाला मी ते काम देत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत पद्मिनी टॅक्सी संपल्या आणि त्यानंतर घरात झाकून ठेवलेल्या पद्मिनी जास्त यायला लागल्या, खारघरहून, कल्याणहून, एक तर पुण्याहून. त्यांच्यासाठी काकांच्या गाडीचा तो खाकी कागद अजून वापरतो, घड्यांवर सेलोटेप लावलाय.

गाडी आणायच्या आधी फोन करा. जुना ट्रे, जाळ्या, क्लिपा, काढलेलं जे काही घरी असेल ते तुटकं असलं तरी घेऊन या. जून ते ऑगस्ट रेक्झिन चिकटवायचं काम घेत नाही, हवेत ओल असली की चिकटवलेलं पुढे सुटतं. स्पीकर आणि वायरिंग बारा महिने चालू आहे, सोमवारी बंद.