एप्रिलमधलं पेंच आणि वणवा नेमका लावतं कोण

एप्रिलात पेंचला कोण जातं बे, असं ऑफिसात सगळ्यांनी ऐकवलं, पण खरी मजा तेव्हाच आहे ना, पाणवठे आटलेले, झाडी विरळ, त्यामुळे जनावर दिसायचे चान्सेस जास्त. पहाटे अंधारातच नागपूर सोडलं, मनसर मागे टाकून पवनीवरून सिल्लारीकडे वळलो आणि काच खाली केली तर जळक्या पाल्याचा वास.

रस्त्याकडेचा मोठा पट्टा काळा पडलेला. साग मात्र उभाच, फक्त बुंधे गुडघाभर काळे. आपल्याकडे वणवा बहुतेक असा जमिनीलगतच पळतो, पालापाचोळा आणि गवत खात, टीव्हीवर कॅलिफोर्नियात शेंडे पेटलेले दिसतात तसं क्वचितच. पण जमिनीवरची अंडी, सरडे, पावसाळ्यात उगवलेली रोपं सगळं साफ होतं, म्हणजे वर जंगल दिसतं आणि खाली नवीन झाडंच नाहीत.

मित्र म्हणे बांबू घासून पेटते. गाईडदादा हसले, "साहेब, बांबू कायले पेटवून राहिला, माणूसच पेटवते." मलाही हेच पटतं. वीज पडून आग लागते हे खरंच आहे, 2020 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात कोरड्या विजांनीच प्रचंड जंगल जाळलं, पण आपल्याकडे वीज बहुतेक पावसासोबतच येते आणि वणव्याचा जोर असतो मार्च-एप्रिलात, आभाळ कोरडं ठाक असताना. मग राहिलं कोण?

पुढे गावाजवळ दादांनी एक मोहाचं झाड दाखवलं. खाली अंगणाएवढा काळा गोल आणि त्या राखेवर फिकट पिवळी, रसाळ फुलं. मोह पहाटे गळतो, वाळक्या पानांत फुलं दिसत नाहीत, म्हणून आधी पाला जाळून जागा साफ करतात, मग टोपली घेऊन वेचतात. आग विझवायचं राहिलं, वारा सुटला की झालं. आता यांना शिव्या घालणं सोपं आहे, पण वेचलेली फुलं वाळवून विकली की उन्हाळ्यात रोख पैसा येतो, तो कोण सोडणार? झाडाखाली जाळी बांधली की जाळावं लागत नाही, काही गावांत ते सुरू आहे. तेंदूचंही (बिडीचं पान) तसंच, आग लावली की नवा पाला चांगला फुटतो म्हणून लावतात. मला खरा राग येतो तो गाडीतून जळती सिगरेट फेकणाऱ्या आपल्यासारख्या शहरी लोकांचा, त्यांना तर पोटाचं कारणही नाही.

विझवणारे कोण, तर ब्लोअर पाठीवर घेतलेले फायर वॉचर. डेहराडूनच्या फॉरेस्ट सर्व्हेकडून सॅटेलाइटचा अलर्ट मोबाईलवर येतो, पण त्याचा एक ठिपका 375 मीटरचा, नेमकी जागा पायी जाऊनच शोधायची. ब्लोअरनं पाला उडवून मोकळी पट्टी करायची म्हणजे आगीला खायला काही उरत नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण एप्रिल 2021 ला नागझिऱ्यात आग विझवताना तीन वनमजूर गेले.

जाणार असाल तर 1926 नंबर सेव्ह करून ठेवा, वनविभागाची हेल्पलाईन आहे, धूर दिसला की कळवता येतो. वाघ? नाही दिसला. अस्वल दिसलं, तेही मोहाखालीच, मस्त फुलं खात होतं.